मार्फाचं माळवद

नेपाळातल्या मुक्तिनाथला जायचं हे आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, फार वर्षांपासून मनात धरलं होतं. देवघरात त्यांच्या सासरेबुवांपासून चालत आलेला एक शाळीग्राम आहे. तो ज्या नदीतून येतो ती गंडकी एकदा डोळ्यांनी बघायची, एवढीच त्यांची इच्छा. नदी बघितली, मुक्तिनाथही झालं. पण परत येऊन आठ दिवस झाले तरी घरात बोलणं चाललंय ते वाटेत टायर फाटलं म्हणून थांबलो त्या मार्फा गावाचं. म्हणून मी त्या गावाबद्दलच जास्त लिहिणार आहे.

दिवस पहिला ते चौथा : लातूर ते पोखरा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी निघालो. आमचे घट धाकट्या दिरांकडे बसतात आणि सोयाबीनची रासही तेच बघणार होते, म्हणून हे जमलं. गाडीत चौघं: मी, हे, माझा पुतण्या आणि ७६ वर्षांच्या आत्याबाई. मागे डिकीत दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, येसर आणि कडक भाकऱ्यांच्या दोन चळती. पहिला मुक्काम नागपूर, दुसरा वाराणसी, तिसऱ्या दिवशी सोनौलीची सीमा ओलांडून भैरहवा, चौथ्या दिवशी पाल्प्याच्या घाटातून पोखरा. दसऱ्याचं सोनं आत्याबाईंनी वाराणसीच्या घाटावर आम्हाला वाटलं. पानं लातूरहून ओल्या फडक्यात आणली होती.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. माणसांसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. गाडीला मात्र सीमेवर ‘भन्सार’, म्हणजे जकात, भरावा लागतो. तो दिवसांच्या हिशोबाने असतो, तेव्हा दोन दिवस जादाचेच घ्या आणि पावती जपून ठेवा, वाटेत विचारतात. आरसी, विमा, लायसन्स सगळं मूळ प्रत. आपले १०० रुपये म्हणजे तिथले १६०; आपल्या शंभराच्या नोटा भरपूर बरोबर ठेवा, मोठ्या नोटांवर फार विसंबू नका. घड्याळ १५ मिनिटं पुढं करायचं. मुक्तिनाथ ज्या मुस्तांग जिल्ह्यात आहे तिकडे जायला अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना लागतो, तो पोखऱ्यातच काढून घ्या. फोटो बरोबर असू द्या.

दिवस पाचवा : पोखरा ते मार्फा, खरं तर जोमसोमला जायचं होतं

पहाटे साडेपाचला निघालो. अंतर दीडशे-एकशेसाठ किलोमीटरचं, पण दिवस जातो. पोखऱ्यातून वर चढताना लुम्ले नावाचं गाव लागतं. नेपाळातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांतलं हे एक. वर्षाला ५,००० मिमीच्या वर पडतो. भिंतींवर शेवाळ, दगडांवर शेवाळ, तारेच्या कुंपणावरसुद्धा शेवाळ. आणि आम्ही जिथे निघालो होतो त्या जोमसोमला वर्षाचा पाऊस ३०० मिमीच्या आत. मधे उभे आहेत अन्नपूर्णा आणि धौलागिरी. ढग दक्षिणेकडून येतात, डोंगराच्या अलीकडे रिकामे होतात आणि पलीकडच्यांना कोरडं आभाळ दाखवतात. शाळेत मी पर्जन्यछाया शिकवते तेव्हा फळ्यावर सह्याद्री काढते, एका बाजूला महाबळेश्वर, दुसऱ्या बाजूला आपण. तो फळा त्या दिवशी मी गाडीच्या काचेतून बघितला.

बेनीपर्यंत रस्ता बरा होता. तिथे डिझेल भरून घेतलं, तुम्हीही घ्या. बेनीच्या पुढे तातोपानी, दाना, मग रुप्सेचा धबधबा अगदी रस्त्याला लागून. पाण्याचे तुषार गाडीत आले तेव्हा आत्याबाईंनी हात बाहेर काढून ओला हात तोंडावर फिरवला. घासा गावाच्या थोडं अलीकडे, मोठ्या खडीचा पट्टा होता तिथे, दगडाची धार लागून डाव्या बाजूचं मागचं टायर कुशीतून चिरलं. स्टेपनी लावली. अर्ध्या तासाने लक्षात आलं की स्टेपनीतही हवा कमी आहे. निघण्यापूर्वी चारही चाकं तपासली होती, पाचवं कुणी बघितलंच नाही. एवढी एक गोष्ट या लेखातून कुणी उचलली तरी पुरे.

घासा ओलांडलं आणि झाडं बदलली. रुंद पानांची झाडं मागे राहिली, सूचिपर्णी आली, मग तीही विरळ झाली. काळोपानीला गाडी थांबवली. एका बाजूला धौलागिरी, ८,१६७ मीटर. दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, ८,०९१ मीटर. आणि मधून कालीगंडकी. नदीचं पात्र पुढं इतकं रुंद आणि गोट्यांनी भरलेलं होतं, आणि त्यातून पाण्याच्या दोन-तीनच बारीक धारा चाललेल्या, की ह्यांना आपली मांजरा आठवली. आत्याबाईंनी हात जोडले. त्यांना नदीत पाणी किती आहे हे महत्त्वाचं नव्हतं.

या खोऱ्यात रोज दुपार व्हायच्या आधीच दक्षिणेकडून वारा सुटतो. आम्हाला हे माहीत होतं, वाचलं होतं. पण तुकुचेच्या पुढे तो गाडीला आडवा लागला तेव्हा कळलं. वाळू काचेवर तडतड वाजत होती. जोमसोमला विमानं फक्त सकाळीच उतरतात ती याच वाऱ्यामुळे. साडेचार वाजले होते, स्टेपनी बसत चालली होती, पुढे जोमसोम सहा-सात किलोमीटर. पुतण्या म्हणाला, “काकू, हे चाक तिथवर जात नाही.” रस्त्याच्या डाव्या हाताला एक पांढरं गाव दिसलं. गाडी वेशीबाहेर लावली. मोटाररस्ता गावाच्या कडेकडेने जातो, आत गल्लीत गाडी जात नाही. बॅगा घेऊन वेशीतून आत शिरलो आणि वारा थांबला.

थांबला म्हणजे अक्षरशः. घरं एकमेकांना इतकी चिकटून बांधलेली आहेत की वारा वरून निघून जातो. गल्ली जेमतेम दोन माणसं शेजारून जातील एवढी, पूर्ण दगडी फरशीची. दोन्ही बाजूंना चुन्याने पांढऱ्या केलेल्या दगडी भिंती, तांबड्या चौकटीच्या खिडक्या, आणि वर सपाट छतं. छतांच्या कडेने जळणाची लाकडं एकसारखी रचून ठेवलेली.

आत्याबाई मधेच थांबल्या. मान वर करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बया, हे तर समदं माळवद हाय.”

माळवद ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे लातूर, धाराशिव, बीडच्या जुन्या गावांत घरांना उतरतं छप्पर नसायचं. जाड दगडमातीच्या भिंती, त्यावर तुळया, तुळयांवर सर, त्यावर किलच्या, मग पाला, चिखल आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेडाला आणि धुराला मधे एक साणं. कमी पावसाच्या मुलखात ते घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार राहायचं. वर वाळवणं घालायची, उन्हाळ्यात वरच झोपायचं. आता अशी घरं फार थोडी उरली. आमच्या औसा तालुक्यात का उरली नाहीत, ते सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. आमच्या घरातली तीन माणसं त्या पहाटे माळवदाखाली गेली. हे तेव्हा लातूरला वसतिगृहात होते. आत्याबाई अंगणात झोपल्या होत्या म्हणून वाचल्या. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. आत्याबाई आजही स्लॅबच्या घरात दाराजवळ झोपतात. माळवदाच्या घरात, माहेरी गेल्या तरी, त्या रात्री कधी थांबल्या नाहीत.

लॉज म्हणजे एका थकाली (याच खोऱ्यातल्या समाजाच्या) कुटुंबाचं राहतं घर. मालकीणबाई चाळिशीच्या. सगळे त्यांना दिदी म्हणत, आम्हीही म्हणायला लागलो. चौकाच्या चारही बाजूंना खोल्या, चौकावर पारदर्शक पत्रे. आमची खोली छान होती, जाड दुलया, लाकडी फळ्यांची जमीन. आत्याबाईंनी वर बघितलं. तुळया होत्या. त्यांवर फळ्या, फळ्यांच्या फटीत माती. त्या पलंगावर टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, “म्या भाईर झोपते.”

बाहेर पाच-सहा अंश तापमान. हे समजवायला लागले, मी खूण केली, राहू द्या. दिदीला मोडक्या हिंदीत सांगायचा प्रयत्न केला. ‘भूकंप’ हा शब्द ऐकल्यावर तिला पुढचं सांगावं लागलं नाही. २०१५ चा त्यांचाही आहेच. मुस्तांगात तेव्हा फारसं पडलं नाही, पण तिची बहीण काठमांडूत होती, ती महिनाभर मैदानात तंबूत झोपली. दिदीने काही न बोलता चौकात, चुलीच्या खोलीच्या दाराशी, पत्र्याखाली गादी टाकली, तीन दुलया दिल्या आणि उशाशी गरम पाण्याची बाटली ठेवली. “आमा यहाँ,” एवढंच म्हणाली.

मी त्यांच्याजवळ बसले. गाव शांत झाल्यावर एक आवाज यायला लागला. आधी वाटलं कुठे नळ चालू राहिला. मग कळलं, बाहेर गल्लीतल्या फरशीखालून पाणी वाहतंय. आत्याबाई अंधारात म्हणाल्या, “रातभर असंच वाहायलंय व्हय? कुणी बंद करीना?” २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते लातूर ज्यांनी बघितलंय, त्यांना हा प्रश्न सुचणारच.

दिवस सहावा : मार्फा

ठरवून थांबायचा दिवस नव्हता हा. पुतण्या आणि हे सकाळी दोन्ही चाकं एका जीपमध्ये टाकून जोमसोमला गेले आणि मी, आत्याबाई मागे राहिलो. तसंही २,६७० मीटरवर एक दिवस काढून मगच मुक्तिनाथला, म्हणजे ३,७०० मीटरवर जाणं शहाणपणाचं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर थेट पोखऱ्याहून त्याच दिवशी वर जाऊ नका. पाणी पीत राहा, सावकाश चाला, आणि डोकं दुखायला लागलं तर पुढे न चढता खाली या.

गल्लीतलं पाणी दिवसा नीट बघितलं. गावामागच्या डोंगरातून ओढा येतो, तो दगडी पाटाने गावात आणलाय आणि पाट फरशीने झाकलाय. सगळ्या गल्ल्यांखालून त्याच्या फाट्या फिरतात. ठिकठिकाणी फरशी उघडी ठेवलीय, तिथे बायका भांडी विसळतात, धुणी धुतात. गल्लीत एक टिपूस सांडपाणी दिसलं नाही. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरने जमिनीखालून आणलेली नहर मी मुलांना सहलीला दाखवलीय, पण ती आता इतिहास म्हणून दाखवायची. इथे ती चालू होती आणि एक पोरगी तिच्यात मुळे धूत होती.

गावाच्या मधोमध प्रार्थनाचक्रांची रांग आहे, तिथून बऱ्याच पायऱ्या चढून गोंपा, म्हणजे बौद्ध मठ. आत्याबाईंनी पायऱ्यांखालूनच नमस्कार केला, मी वर जाऊन आले. वरून सगळं गाव छतांचंच दिसतं. प्रत्येक छतावर काही ना काही वाळत घातलेलं: मका, मिरच्या, आणि सगळ्यात जास्त सफरचंदाच्या चकत्या.

सफरचंद म्हणजे मार्फाचं सगळं काही. १९६६ साली इथे सरकारी फळबाग केंद्र सुरू झालं. ते उभं करणारे पासांग खाम्पाचे शेर्पा यांचं नाव गावात आजही आदराने घेतात. त्याआधी इथली थकाली मंडळी व्यापारी होती. तिबेटचं मीठ खाली आणि खालचं धान्य वर, अशी खेचरांची वाहतूक याच खोऱ्यातून चालायची. आपल्या लमाणांचे तांडे बैलांवर मीठ लादून मराठवाड्यातून फिरत, तसंच. मिठाचा व्यापार संपला, तेव्हा कोरड्या हवेत जे पिकेल ते शोधलं. जाम, रस, सुकवलेल्या चकत्या, ब्रँडी, सगळं या फळाचं. आम्ही गेलो तेव्हा तोडा संपत आला होता. जपानी बौद्ध भिक्षू एकाई कावागुची १९०० साली तिबेटात शिरण्याआधी ज्या घरात राहिले ते घरही गल्लीतच आहे, पण आम्ही गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं.

दुपारी दिदीच्या चौकात चकत्या करायचं काम चाललं होतं. एक लोखंडी हातयंत्र, त्याच्या सुळ्यावर सफरचंद खोचायचं, दांडा फिरवायचा. साल एका बाजूला लांब फितीसारखी उतरते, फळ कापलं जातं, मधला गाभा सुळ्यावर राहतो. कापलेलं फळ पुस्तकासारखं उलगडतं. ते लगेच मिठाच्या पाण्यात टाकतात, नाहीतर काळं पडतं. मग नाङ्लोवर, म्हणजे आपल्या सुपासारख्या पण गोल, बांबूच्या टोपल्यावर पसरतात. आत्याबाई दहा मिनिटं नुसत्या बघत होत्या, मग पदर खोचून बसल्या. भाषेची काही अडचण आली नाही. संध्याकाळपर्यंत दोन टोपली सफरचंदं त्यांच्या हाताखालून गेली.

जेवणाचं सांगितलंच पाहिजे. थकाली थाळी म्हणजे भात, काळ्या उडदाची डाळ, रायोचं साग (मोहरीच्या जातीची पालेभाजी), बटाटा, मुळ्याचं लोणचं आणि गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची आंबट भाजी. डाळीला फोडणी जिंबूची. वाळलेल्या गवताच्या काड्यांसारखा दिसतो, तुपात पडला की कांदा-लसणाच्या मधला वास सुटतो. आत्याबाई माळकरी, कांदा-लसूण सोडलेला, म्हणून त्यांची डाळ दिदीने न विचारता जिऱ्याच्या फोडणीची वेगळी केली. भाताऐवजी फापराचा ढिंडो मागता येतो. फापर म्हणजे कुट्टू. पाणी उकळून त्यात पीठ घालत लाकडी डावाने घोटत राहायचं. दिसायला काळपट, खायला आपल्या ज्वारीच्या घाट्याचा सख्खा भाऊ. आणि टिमुरची चटणी! ते बारीक काळं फळ जिभेला आधी झोंबतं, मग जीभ बधिर होते, मग आणखी खावंसं वाटतं. शेंगदाण्याची चटणी दिदीने बोटावर घेऊन चाखली आणि अर्धी बरणी ठेवून घेतली. बदल्यात आम्हाला टिमुर मिळालं. शाकाहारी असाल तर स्वयंपाकाला सुरुवात व्हायच्या आधी सांगा, अंडंही नको हे वेगळं सांगा. थाळीतला भात, डाळ, भाजी पोट भरेपर्यंत वाढतात.

लॉजमध्ये कामाला एक मुलगी होती, अठरा-एकोणीसची, खाली म्याग्दी जिल्ह्याची. दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, तिला घरी जाता आलं नव्हतं, लॉज भरलेला होता. त्यांच्याकडे दशमीपासून पौर्णिमेपर्यंत घरातली वडीलधारी माणसं लहानांना टीका लावतात. पौर्णिमा म्हणजे शेवटचा दिवस, म्हणजे आपली कोजागिरी, आणि ती त्याच दिवशी होती. मुलीने चुलीच्या खोलीत कोपऱ्यातला पत्र्याचा डबा काढला. त्यात जवाचे अंकुर, अंधारात वाढलेले, हळदीसारखे पिवळे, वीतभर उंच. आत्याबाई म्हणाल्या, “अगं, हे घटाचं धान की!” घटस्थापनेलाच पेरतात तेही. नाव जमरा. आपण तुळजाभवानीच्या नावाने टोपीत, पागोट्यात खोवतो, ते कानामागे खोवतात. मुलीने ताटात तांदूळ, दही आणि लाल अबीर कालवला आणि ताट आत्याबाईंपुढे धरून वाकून बसली. तिला आई लांब होती, आणि घरात सगळ्यात वडील तेव्हा आत्याबाईच होत्या. त्यांनी तिच्या कपाळभर टीका लावला, कानामागे जमरा ठेवला, आणि आपल्या पद्धतीने कानशिलावर बोटं मोडली. कमरेची पिशवी काढून शंभराची नोट दिली. मुलगी रडली नाही. दिदीच आत निघून गेली.

संध्याकाळी हे आणि पुतण्या चाकं घेऊन आले. एक दुरुस्त, दुसरं नवं घ्यावं लागलं. रात्री कोजागिरीचं दूध करायचं ठरलं. शेजारच्या घरून दीड तांब्या दूध मिळालं, थोडी दूध पावडर, साखर. वेलदोडे आणि जायफळ आत्याबाईंच्या बटव्यात होतंच. पण चंद्र कुठाय? पूर्वेला नदीपलीकडे नीलगिरी शिखर उभं. आठ वाजले तरी गल्लीत अंधार, आणि पश्चिमेच्या डोंगराचा माथा मात्र उजळलेला. दिदी म्हणाली, छतावर चला, तिथून लवकर दिसेल.

छतावर जायला एका ओंडक्याला खाचा पाडून केलेली शिडी. आत्याबाई येणार नाहीत असंच आम्ही धरलं होतं. त्या खाली उभ्या राहून शिडी बघत होत्या. म्हणाल्या, “आमच्या वाड्यात अशीच हुती.” मग पुतण्याचा हात धरून एकेक खाच चढत वर आल्या.

वर थंडी होती, वारा पडलेला. बर्फाची कड आधी पांढरी झाली, मग तिच्या मागून चंद्र आला आणि एकदम सगळ्या गावाची छतं उजळली. दूध कपात ओतलं. आम्ही वर बघत होतो. आत्याबाई खाली बसून हाताने छताची माती चाचपत होत्या. चिमूटभर उचलली, बोटात चोळली, दिदीला विचारलं, “पांढरी हाय का ही? कुठनं आणता?” दिदी डोंगराकडे बोट दाखवून सांगत होती. मग दोघींचं सुरू झालं. मी अधेमधे अर्थ सांगायला होते, पण बहुतेक खुणांनीच. मृगाच्या आधी दरवर्षी नवी पांढरी कशी टाकायची, धुमसाने कसं चोपायचं, पाणी पन्हळीकडे जावं म्हणून उतार किती ठेवायचा. दिदी म्हणाली, पूर्वी वर्षाला एकदा पुरायचं, आता अवेळी जोराचा पाऊस येतो, छतं गळतात. मातीच्या छताला तो पाऊस सोसत नाही. जोमसोमच्या पुढच्या कागबेनी गावात २०२३ च्या ऑगस्टमध्ये पूर येऊन घरं गेली. काही लोक आता पत्रे टाकतायत, तीही विचार करतेय.

आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग मला म्हणाल्या, “तिला सांग, भिंतीत जुळणीचे आडवे लांब दगड घातल्यात का बघ म्हणावं. आमच्या भिंतीत नव्हते. माती वाईट नव्हती, भिंती वाईट हुत्या.” एकतीस वर्षांत त्या भिंतीबद्दल मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी दिदीला सांगितलं. तिने खाली उतरल्यावर बॅटरी आणली, आणि दोघी चौकातली एक भिंत हात फिरवून बघत राहिल्या, जिथे चुना निघाला होता तिथे. आडवे दगड होते. मधून लाकडाची पट्टीही गेलेली होती.

त्या रात्री गादी चौकात टाकायला गेले तर आत्याबाई खोलीत पलंगावर होत्या. दाराकडे तोंड करून, दार उघडं ठेवून. दिवा मात्र चालू ठेवा म्हणाल्या. मी झोपले नाही फारशी. त्या झोपल्या.

दिवस सातवा : मुक्तिनाथ

सकाळी सहाला निघालो, वाऱ्याच्या आधी. जोमसोम, कागबेनीचा फाटा, मग उघड्या तपकिरी डोंगरातून चढ. रानीपौवाला गाडी ठेवून पुढे चालायचं किंवा घोडा घ्यायचा. आत्याबाईंना घोडा केला. मंदिर लहान आहे. मागे अर्धवर्तुळात १०८ गोमुखं, त्यांतून येणारं पाणी बर्फाचं. लोक त्याखालून धावत आंघोळ करतात. आत्याबाईंनी प्रत्येक धारेचे तीन थेंब कपाळाला लावले, एकशे आठही, बोटं निळी पडेपर्यंत. ज्वालामाईच्या मंदिरात जमिनीतून येणाऱ्या वायूवर जळणारी बारीक ज्योत, शेजारीच पाणी वाहतंय. पूजेची व्यवस्था बौद्ध भिक्षुणी बघतात. हे स्थान हिंदू आणि बौद्ध दोघांचंही आहे. वाटेत शाळीग्राम विकायला बसलेल्या बायका होत्या. फोडलेल्या दगडात शिंपल्याचं वेटोळं दिसतं, हिमालय उठण्यापूर्वीच्या समुद्रातल्या जिवाचं. आत्याबाईंनी विकत घेतला नाही. “आपला हाय की घरी,” म्हणाल्या.

बाराच्या आत खाली आलो. कागबेनीला नदीकाठी पिंडदान करतात. ह्यांनी तिघांच्या नावाने केलं. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

रात्री पुन्हा मार्फा. दिवा बंद होता.

दिवस आठवा : निरोप

सातला निघायचं म्हणून साडेपाचला उठले, तर आत्याबाई जागेवर नाहीत. छतावर होत्या, दिदीबरोबर. सफरचंदाच्या चकत्यांवर रात्री दव पडतं, म्हणून कापड टाकतात, ते काढत होत्या. दिदीने दोन किलो चकत्या बांधून दिल्या, पैसे घेतले ते एकाच किलोचे. मार्फाच्या चकत्या घ्यायच्या असतील तर गावातच, घराघरांतून घ्या. खाली पोखऱ्यात मिळतात, पण या चवीच्या नाही. म्याग्दीच्या मुलीने वेशीपर्यंत बॅग आणली. कानामागे परवाचा जमरा वाळून तसाच होता.

उतरताना काळोपानीला चहा, मग लेते, मग घासा. आभाळ दक्षिणेकडून भरून येत होतं. घासा ओलांडलं, झाडं दाट झाली आणि काचेवर पहिला थेंब पडला. मग बारीक पाऊस लागला. आम्ही लातूरची माणसं, पाऊस दिसला की काच खाली करून हात बाहेर काढणारी. आत्याबाईंनी हात काढला, ओला झालेला तळवा बघितला, मग मागे वळून डोंगराकडे बघत पावसाला म्हणाल्या,

“हितंच पड बाबा. वर जाऊ नको. तिचं माळवद गळंल.”